यापैकी नाही

"पण माझा एक तरी शब्द चुकला का, बाबा? एवढंच सांगा मला."

दस्तगीरबाबा कडुनिंबाखाली चटईवर बसले होते. प्रश्न ऐकून त्यांनी मान वर केली, विचारणाऱ्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

विचारणारे होते मुरलीधर दहिफळे. जिल्ह्याच्या गावात त्यांचा स्पर्धा परीक्षांचा क्लास होता आणि मराठी शब्दसंपत्ती हा त्यांचा हातखंडा विषय. 'योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा' हा प्रश्न त्यांनी असा घोटला होता की वाक्य पुरतं वाचायच्या आत त्यांचं बोट बरोबर पर्यायावर पडे. पोरं पाठीमागे त्यांना 'रिकाम्या जागांचे सर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

"शब्द मला कधी शोधावा लागला नाही," असं ते पहिल्याच तासाला सांगत. "तो माझ्याकडे चालत येतो. जन्मापासून हे असंच आहे."

गर्वाचं घर खाली म्हणतात. सरांचं घर दुमजली होतं आणि क्लास वरच्या मजल्यावर भरायचा.

असा हा माणूस आज सकाळच्या क्लासला सुट्टी देऊन, उन्हात टेकडी चढून एका फकिराच्या तकियावर आला होता. फकिराचं बसायचं ठिकाण ते तकिया. इथे होतं काय, तर एक झाड, एक चटई, एक रांजण. सरांना हे सगळं जरा कमीपणाचंच वाटत होतं. पण घरात गोष्ट हाताबाहेर चालली होती.

दोन महिन्यांमागे त्यांच्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. पाय थोडाफार वाचला. वाचा मात्र अर्ध्यावर राहिली. वाक्याची सुरुवात यायची आणि पुढचा शब्द घशात कुठेतरी अडकून बसायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज सराव करून घ्या. पहिले तीन महिनेच काय ते हातात आहेत. आता गप्प राहिले तर गप्पच राहतील."

सराव म्हटल्यावर सरांना कोण सांगणार? त्यांचा तर धंदाच सराव करून घेण्याचा.

"आणि आता नऊ दिवस झाले," सर म्हणाले, "अण्णा एक अक्षर बोललेले नाहीत. निदान माझ्याशी तरी नाही."

"बस," बाबा म्हणाले.

सर बसले नाहीत. पँटला माती लागेल अशी त्यांना काळजी होती.

"काय काय केलंस ते सांग."

सरांनी सांगितलं. अण्णा सकाळी डोळे उघडले की म्हणत, "मला..." आणि अडकत. सर लगेच पुढचा शब्द द्यायचे. पाणी. चहा. औषध. पाठीला उशी. आठवडाभर असं चाललं. मग सरांना वाटलं, हे शास्त्रशुद्ध होत नाही. त्यांनी चार पर्यायांची पद्धत सुरू केली.

"म्हणजे?"

"म्हणजे ते 'मला' म्हणाले की मी विचारायचो. पर्याय एक, चहा. पर्याय दोन, पाणी. पर्याय तीन, पाय दाबून हवेत. पर्याय चार, यापैकी नाही. डाव्या हाताची तितकी बोटं दाखवा, म्हटलं."

"मग? दाखवली?"

"दाखवली ना. रोज चारच दाखवायचे." सरांचा आवाज जरा चढला. "एक दिवस चार, दोन दिवस चार, दहा दिवस चार. चहा दिला तर पितात, पाणी दिलं तर पितात, आणि बोटं चारच. मला वाटलं, पद्धत कळली नाही त्यांना. म्हणून मग छापील कागद दिला. पन्नास वाक्यं, पन्नास रिकाम्या जागा. अगदी सोपी. 'सूर्य पूर्वेला...' इतकी सोपी."

"त्यानं काय केलं कागदाचं?"

"टिंबांवरून बोट फिरवत बसले. शब्दांकडे बघितलंच नाही. नुसतं टिंबांवरून बोट. मग कागद पालथा घातला आणि मूठ मिटली. त्या दिवसापासून बोटंही बंद."

बाबा हसले नाहीत. हसू यावं असं बरंच काही होतं, तरी हसले नाहीत.

"रत्ना म्हणाली, बाबांकडे जाऊन या, ते अण्णांचे जुने सोबती आहेत." रत्ना म्हणजे रत्नमाला, सरांची बायको. "म्हणून आलो. नाहीतर मला काही कळत नाही असं नाही."

"उमाजीला मी..."

"ओळखता, हो, अण्णांना ओळखता, माहीत आहे मला."

बाबांनी चटईवर पडलेली एक निंबोळी उचलली आणि सरांच्या पायांपुढे ठेवली.

"आम्ही दोघं छापखान्यात..."

"कंपोझिटर होतात. अण्णांनी सांगितलंय. शाळांच्या सराव परीक्षांचे पेपर तुम्हीच जुळवायचे."

दुसरी निंबोळी पहिलीच्या शेजारी आली.

"तो 'मला' म्हणतो ना, तेव्हा त्याचे..."

"हाल होतात. बघवत नाही हो."

तिसरी.

"अशा वेळी माणसानं..."

"धीर धरावा. तेच करतोय."

चौथी.

"तुझी बायको तुला..."

"समजावते. फार समजूतदार आहे ती. पण तिचं काय, ती घरचीच आहे. तिला काय माहीत शब्द म्हणजे काय."

पाचवी निंबोळी ठेवून बाबांनी हात झटकले. झाडावर एक खार वरखाली करत होती. सरांनी घड्याळ पाहिलं. खिशातला फोन चाचपला. शेवटी त्यांची नजर पायांपुढच्या ओळीकडे गेली.

"हे काय आहे?"

"तुझी उत्तरं."

सरांचा चेहरा थोडा उजळला. परीक्षेची भाषा आली की त्यांना घरी आल्यासारखं वाटे. "पाच?"

"पाच."

"बरोबर किती?"

बाबांनी पाची निंबोळ्यांवरून तळहात फिरवला.

"सगळीच बरी होती," ते म्हणाले. "पण माझं त्यातलं एकही नव्हतं."

...

"म्हणजे?" सर म्हणाले.

"तो 'मला' म्हणतो तेव्हा त्याचे डोळे कुणीकडे असतात, हे विचारत होतो मी."

सर गोंधळले. त्यांना आठवावं लागलं. "स्वयंपाकघराकडे. म्हणून तर मी चहा..."

त्यांचं वाक्य अर्ध्यावर थांबलं, आणि ते त्यांनी स्वतःच थांबवलं होतं.

"अशा वेळी माणसानं खाली बसावं, असं म्हणत होतो. तू उभाच असतोस ना तिथेसुद्धा?"

सर खाली बसले. पँटला माती लागली.

उरलेल्या तीन निंबोळ्यांबद्दल बाबा काही बोलले नाहीत, आणि सरांनाही विचारायचं धाडस झालं नाही. दहावीपासून आजवर त्यांची रिकामी जागा चुकली नव्हती. इथे पाचपैकी पाच चुकल्या होत्या, आणि तपासणाऱ्यानं लाल शाई वापरली नव्हती. त्यामुळे तर ते जास्तच लागलं.

बाबांनी उशाची पिशवी ओढली. बराच वेळ आत चाचपून त्यांनी बोटभर रुंदीचाही नसलेला एक शिशाचा तुकडा काढला आणि सरांच्या तळहातावर ठेवला.

"वाच."

सर तुकडा उजेडाकडे धरून बघू लागले. छापखान्याचा खिळा असावा. पण खिळ्याच्या डोक्यावर अक्षर असतं, आणि इथे काहीच नव्हतं.

"कोरा आहे."

"अजून वाच."

"बाबा, यावर काही नाही."

"याला आम्ही स्पेस म्हणायचो. दोन शब्दांच्या मधे हा बसतो. याची उंची कमी, म्हणून शाई लागत नाही आणि कागदावर दिसत नाही." बाबांनी तुकडा सरांच्या मुठीत बंद केला. "पण हा काढून घेतला की अख्खी ओळ खाली सांडते. तीस वर्षं उमाजीनं हे वेचलेत. तुमच्या त्या टिंबांच्या जागासुद्धा आपोआप होत नव्हत्या. एकेक टिंब उचलून लावायला लागायचं."

सरांना कागदावर फिरणारं अण्णांचं डावं बोट आठवलं. ते बोट शब्द चुकवत नव्हतं. ओळखीच्या वस्तूंवरून फिरत होतं.

"मी आता काय करू?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न विचारायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे तो जरा मोठ्यानं आला.

"तो बोलायला लागला की हा मुठीत धर."

"आणि?"

"आणि..."

सर थांबले. बाबाही थांबले. खार झाडावरून उतरून गेली.

पुढचा शब्द आलाच नाही. सर बराच वेळ वाट पाहत बसले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तो यायचाच नव्हता. ते उठले, वाकून नमस्कार केला आणि टेकडी उतरू लागले.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. अण्णा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. रत्ना त्यांची दाढी करून नुकतीच आत गेली होती. गालावर साबणाचा एक ठिपका तसाच राहिला होता.

सरांनी रोजच्यासारखी खुर्ची ओढली नाही आणि उभेही राहिले नाहीत. खाटेसमोर खाली जमिनीवर मांडी घातली. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड फिरवलं. नऊ दिवसांची सवय ती, एका मांडीनं थोडीच जाणार.

सर बसून राहिले.

पाच मिनिटं गेली असतील. कदाचित पंधरा. सरांना एरवी तीस सेकंदात एक प्रश्न या हिशेबानं वेळ कळायचा. आज तो हिशेब बसेना. वरच्या मजल्यावर चारच्या तुकडीची पोरं येऊन खुर्च्या सरकवत होती. सर उठले नाहीत. पोरं थोडा वेळ गोंधळ घालून आपोआप घरी गेली.

अण्णांनी मान वळवली. खाली बसलेल्या मुलाकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं.

"मला..."

सरांच्या जिभेवर चार शब्द एकदम येऊन उभे राहिले. चहा, पाणी, औषध, उशी. लग्नाच्या पंगतीत पहिल्या बैठकीला पोचलेल्या पाहुण्यांसारखे ढकलाढकल करत उभे राहिले. सरांनी मूठ आवळली. शिशाची कड तळहातात रुतली.

"मला..."

अण्णांचे डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे गेले. आत स्टोव्हवर काहीतरी उतू जात होतं, रत्नाची पळापळ ऐकू येत होती. चहा, चहाच असणार, सरांचं मन ओरडून सांगत होतं. इतका सोपा प्रश्न त्यांनी चौथीतल्या पोरालाही घातला नसता.

त्यांनी ओठ दाताखाली धरला.

अण्णांचं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. कपाळाची शीर तट्ट फुगली. हे बघणं फार कठीण होतं. आजवर आपण शब्द देत होतो तो अण्णांसाठी नव्हे, तर आपल्याला हे बघवत नव्हतं म्हणून, हे सरांना त्या क्षणी कळलं, आणि स्वतःची लाज वाटली.

"मला... सून..."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

"सून... चां..."

फोन वाजला. वाजून बंद झाला.

"...चांगली..."

रत्ना दारात आली होती. हातात सांडशी तशीच.

"...मिळाली."

अण्णांनी श्वास सोडला आणि डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं. पंधरा मैल चालून आलेला माणूस टेकतो तसं.

सर जमिनीवर बसून होते. दोन महिने झाले होते. सकाळचं तोंड धुवून देण्यापासून रात्रीची चादर बदलण्यापर्यंत या बाईनं अण्णांचं सगळं केलं होतं. आणि मूठ मिटेपर्यंत हा माणूस रोज सकाळी एकच गोष्ट सांगायला तोंड उघडत होता. सरांनी दिलेले सगळे पर्याय काही ना काही मागायचे होते. अण्णांना काही मागायचंच नव्हतं. म्हणून बोटं चारच. अण्णांना पद्धत पहिल्याच दिवशी कळली होती. कळली नव्हती ती दुसऱ्याच कुणाला.

"काहीतरीच अण्णा," रत्ना म्हणाली. "कशाला उगीच." एवढं बोलून ती दारातच खाली बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली. सांडशी मांडीवरच राहिली.

सर उठले. कोपऱ्यातला ओला पंचा घेतला आणि अण्णांच्या गालावरचा साबणाचा ठिपका पुसला. त्यांना रडू येत होतं आणि ते त्यांनी येऊ दिलं.

त्या दिवशी जेवण झाल्यावर रिकाम्या जागांच्या सरांनी आपलं ताट आपण उचललं. रत्नानं ते पाहिलं आणि काही बोलली नाही. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण तिच्या अंगी समजूत होती.

पुढच्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, सर पुन्हा टेकडी चढले. सोबत डबा होता. रत्नानं धपाटे करून दिले होते, दह्याची वाटी फडक्यात बांधून दिली होती, आणि "बाबांना म्हणावं अण्णा आता रोज एक वाक्य बोलतात" असा निरोपही दिला होता.

यावेळी सर आल्याबरोबर मातीत बसले.

निरोप सांगितला. सगळं सांगितलं. सून चांगली मिळाली तेही सांगितलं. काल अण्णा अर्धा तास घेऊन म्हणाले होते, "खिडकी... नको... लावू." आज सकाळी म्हणाले, "मीठ... कमी." सांगताना सरांना हसू येत होतं.

"तुमचे उपकार कसे फेडू ते मला कळत नाही, बाबा," ते म्हणाले. "माझा बाप तुम्ही मला परत दिलात. मी त्यांना गप्प करून टाकलं असतं. कायमचं. आणि वर म्हणालो असतो, माझा एकही शब्द चुकला नाही."

बाबा धपाटा मोडत होते.

सरांनी शिशाचा तुकडा काढून चटईवर ठेवला. "हा तुमचा."

"माझा नाही. उमाजीच्या घरातला आहे तो. छापखाना बंद झाला तेव्हा त्याच्याकडून मी मागून घेतला. ठेव तूच."

"तुम्ही हे कुठून शिकलात, बाबा? हे थांबणं?"

बाबांनी घास खाल्ला. दह्याचं बोट चाटलं.

"आम्ही दुपारी डबा खायला..."

सर गप्प होते. खार झाडावर होती.

"...कागदाच्या रिमांवर बसायचो. उमाजीची बायको डबा घेऊन यायची. सोबत पोरगा असायचा. पाच वर्षं पुरी झाली होती त्याला..."

सर गप्प.

"...आणि तोंडातून एक शब्द नव्हता. मुकं आहे म्हणायचे लोक. शाळेत घेईनात. त्याची आई रडायची."

"कुणाचा पोरगा?" सरांनी विचारलं.

"उमाजीचा. त्याला एकच पोरगा."

...

"मला हे कुणी सांगितलं नाही," सर म्हणाले.

"तो कशाला सांगेल?"

बाबांनी रांजणातलं पाणी घेतलं, प्यायले, पेला उपडा घातला. घाई अशी त्यांना नव्हतीच.

"उमाजी काय करायचा, घास हातात धरायचा आणि पोराला म्हणायचा, 'झाडावर बसलंय...' आणि थांबायचा. खिडकीतून समोर वड होता. पोरगा वडाकडे बघायचा, बापाकडे बघायचा. तोंड उघडायचा, मिटायचा. भाकरी वाळून जायची. सुट्टी संपल्याची घंटा व्हायची. उमाजी घास खाली ठेवून खिळ्यांच्या केसपाशी जाऊन उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. 'झाडावर बसलंय...' दीड वर्षं."

"दीड वर्षं," सर म्हणाले.

"एक दिवस पोरगा बोलला."

सरांना विचारायचं होतं. त्यांनी विचारलं नाही. शिशाचा तुकडा चटईवरून केव्हा त्यांच्या मुठीत आला होता कुणास ठाऊक.

"'ऊन' म्हणाला."

...

टेकडीखाली गाव दिसत होतं. सरांचं दुमजली घर त्यात कुठे आहे ते इथून ओळखू येत नव्हतं. सर डोळे पुसत होते आणि पुसणं काही संपत नव्हतं. जन्मापासून शब्द माझ्याकडे चालत येतो, असं ते वीस वर्षं पोरांना सांगत आले होते. कुणाच्या वाळलेल्या भाकरीवरून तो चालत आला होता, हे त्यांना आज कळत होतं.

"आणि तुम्ही, बाबा?" शेवटी त्यांनी विचारलं. "तुम्ही तिथेच बसायचात ना?"

"बसायचो. आणि मला दम कुठला? मी रोज मधे बोलायचो. अरे पाखरू म्हण, पाखरू, सोपं आहे. उमाजी मला काही म्हणायचा नाही. एकदाच म्हणाला."

सर वाट पाहत राहिले.

बाबांनी डब्याचं झाकण लावलं, फडकं नीट घडी करून त्यावर ठेवलं.

"म्हणाला, 'दस्तगीर, तू जेव. ती जागा त्याची आहे.'"